गाऱ्हाणे मांडणे हाही धर्म होय

(धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-पालक मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हणजे कृतज्ञतेचा प्रसंग. आपल्या वाडवडिलांनी वाडीतील केळी-पानवेलींवर पोट भरून, त्यातूनच चार पैसे बाजूला काढून, मंदिर उभारिले आणि मंदिराच्या सावलीत मुलांच्या शिक्षणाची सोय केली. त्या पुण्याईचे फळ असे की, आज या धर्मग्रामातील मुले-मुली वैद्यकी, परिचर्या, स्थापत्य, वाणिज्य इत्यादी नाना विद्या शिकण्यासाठी दूरदूरच्या महाविद्यालयांत व वसतिगृहांत राहत आहेत. कित्येक घरांतून तर महाविद्यालयाची पायरी चढणारे मूल हे त्या घराण्यातील पहिलेच होय. अशा मंगल समयी छळ, धाकदपटशा आणि विटंबना हा अमंगल विषय आम्ही कशासाठी निवडावा, असे कोणासही वाटेल. आमचे उत्तर एवढेच की, ज्या मुलांच्या नावाने आपण हा उत्सव साजरा करितो, त्यांपैकी एखादे मूल परक्या शहरात, रात्रीच्या वेळी, कोणाच्या तरी दहशतीने उशीत तोंड खुपसून रडत असेल, आणि घरी दूरध्वनीवर मात्र ‘सर्व ठीक आहे’ असे सांगत असेल, तर आपल्या तोरणा-पताकांना शोभा ती कसली?

प्रथम हे ध्यानी घेऊ की, नवागत विद्यार्थ्याचा छळ हा काही आजचा रोग नव्हे. सोळा शतकांपूर्वी अथेन्स नगरीच्या विद्यापीठात नवा विद्यार्थी आला की, जुने विद्यार्थी त्यास मिरवणुकीने बाजारपेठेतून स्नानगृहाकडे नेत, वाटेत आरडाओरडा करीत आणि स्नानगृहाची दारे धडाधडा वाजवून त्यास भिववीत. ही हकीकत संत ग्रेगरी नाझियांझेन यांनी आपल्या मित्राच्या, म्हणजे संत बेसिल यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात नमूद करून ठेविली आहे. ग्रेगरी हे बेसिलच्या आधी अथेन्सला पोहोचलेले. त्या अर्थाने ते जुने विद्यार्थी. परंतु बेसिल येणार असे कळताच त्यांनी इतरांची समजूत घातली, आणि त्या गंभीर वृत्तीच्या तरुणास त्या विटंबनेतून सोडविले. दोघांची जगप्रसिद्ध मैत्री तेथून दृढ झाली, आणि आज ख्रिस्तसभा २ जानेवारी या एकाच दिवशी दोघांचाही सण पाळते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने नवागतासाठी काय करावे, याचा याहून उत्तम धडा आम्हांस ठाऊक नाही.

त्याच शतकात कार्थेज नगरीत संत ऑगस्टीन शिकत होते. तेथील दांडग्या विद्यार्थ्यांची एक टोळी बुजऱ्या नवख्यांस गाठून त्यांची यथेच्छ थट्टा व छळ करी. ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे की, त्यांस या टोळीच्या कृत्यांचा तिटकारा असे, तरी ते तिच्यात वावरत. इतकेच नव्हे, तर आपण त्यांच्यासारखे नाही याची उलट लाजच वाटे. मुलांनो, हे वाक्य हृदयाशी धरून पाहा. छळ करणारे नेहमी थोडे असतात. पण मनातून तिटकारा असूनही सभोवती उभे राहून हसणारे पुष्कळ असतात, आणि त्या पुष्कळांच्या हसण्यावरच थोड्यांचा जोर चालतो. पुढे इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियन याने कायद्याच्या अभ्यासक्रमाविषयी जो फर्मान काढला, त्यात नवख्या विद्यार्थ्यांशी आणि अध्यापकांशी असले नीच खेळ करण्यास स्पष्ट मनाई केली. तात्पर्य, ‘ही तर जुनी रीत आहे’ असे म्हणणाऱ्यास सांगावे की, रीत जुनी असेल, पण तिची मनाईही तितकीच जुनी आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा १९९९ साली झाला. त्यातील व्याख्या प्रत्येक पालकाने समजून घ्यावी अशी आहे. ज्या वर्तनाने विद्यार्थ्याच्या शरीरास वा मनास इजा होते, किंवा भय, लाज अथवा संकोच उत्पन्न होतो, ते रॅगिंग होय. चिडविणे, शिवीगाळ, धमकी, अंगचटीची थट्टा, तसेच विद्यार्थी स्वखुशीने जे करणार नाही ते त्यास करावयास लावणे, हे सर्व त्यात येते. ‘आम्ही केवळ गंमत केली’ हा बचाव म्हणूनच लंगडा ठरतो; कारण कायदा करणाराच्या हेतूपेक्षा सोसणाराच्या भयाकडे व लाजेकडे पाहतो. या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकून पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

पण कायदा कागदावर असून भागत नाही, हे २००९ साली साऱ्या देशास कळून चुकले. त्या वर्षी ८ मार्च रोजी हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा अवघ्या १९ वर्षांचा विद्यार्थी वरच्या वर्गातील मुलांनी केलेल्या मारहाणीनंतर मृत्यू पावला. त्याच्या पित्याने आपले दुःख कवटाळून न बसता, दुसऱ्याचे मूल वाचावे म्हणून आयुष्य वेचले; देशव्यापी तक्रार दूरध्वनीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी विश्वविद्यालय अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढिले. त्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती व फिरते पथक असावयास हवे, समितीवर पालकांचे व नवागत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावयास हवेत, आणि विद्यार्थी व पालक या दोघांनीही प्रतिज्ञापत्र द्यावयास हवे. २०१६ साली या विनियमांत भर घालून जात, धर्म, वर्ण, भाषा, प्रांत, लिंग इत्यादी कारणांवरून केलेली मानहानी आणि एखाद्यास वाळीत टाकणे, हेही रॅगिंगच होय असे ठरविण्यात आले. तुमच्या बोलीवरून, तुमच्या नावावरून, गळ्यातल्या क्रूसावरून कोणी तुमची नित्य अवहेलना करीत असेल, तर तीही निमूट सोसण्याची गोष्ट नव्हे. त्याच न्यायाने, आपल्यापैकी कोणी दुसऱ्याच्या जातीची अथवा धर्माची टवाळी करील, तर तोही त्याच कायद्याखाली येतो, हे विसरू नये.

कायदा असा, व्यवस्था अशी. मग मुले गप्प का बसतात? याची तीन कारणे आहेत, आणि तिन्हींचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिले कारण धार्मिक आहे, म्हणून ते आमच्याच माथी येते. प्रभूने दुसरा गाल पुढे करण्यास सांगितले, मग तक्रार करणे हे ख्रिस्ती माणसास शोभते काय, असे पुष्कळ भाविक मुलांस वाटते. याचे उत्तर प्रभूच्याच चरित्रात आहे. हन्नाच्या वाड्यात एका शिपायाने येशूच्या तोंडात मारिली, तेव्हा प्रभूने उलट हात उगारिला नाही हे खरे. पण तो मुकाही राहिला नाही. माझे चुकले असेल तर दाखवून दे, नसेल तर मारतोस का, अशा अर्थाचा जाब त्याने शांतपणे विचारिला. संत पौलास फटके मारण्यासाठी बांधिले, तेव्हा त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला. क्षमा म्हणजे सूडाचा त्याग. सत्याचा त्याग नव्हे. छळणाऱ्याचे वाईट न इच्छिता त्याचा हात धरविणे, हे त्याच्याही आत्म्याचे कल्याणच करणे होय. कारण अडविला न गेलेला पापी पापातच मुरत जातो.

दुसरे कारण म्हणजे ‘चुगलखोर’ म्हणवून घेण्याचे भय. चुगली आणि गाऱ्हाणे यांत भेद आहे. दुसऱ्यास संकटात पाडण्यासाठी सांगितलेली गोष्ट ती चुगली. कोणास तरी संकटातून काढण्यासाठी सांगितलेली गोष्ट ते गाऱ्हाणे. प्रेषितांच्या कृत्यांत एक लहानसा प्रसंग आहे, जो वाचून आपण सहसा पुढे जातो. यरुशलेमेत चाळीसांहून अधिक माणसांनी पौलास ठार मारीपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली. पौलाच्या बहिणीच्या मुलास त्या कटाचा सुगावा लागला. त्याने गढीत जाऊन मामास सांगितले. मामाने त्यास सरदाराकडे पाठविले. आता त्या सरदाराची वागणूक पाहा. त्याने त्या तरुणाचा हात धरिला, त्यास एकीकडे नेले, काय सांगावयाचे ते खाजगीत विचारिले, आणि ‘तू मला हे कळविलेस असे कोणास सांगू नकोस’ अशी ताकीद दिली. त्याच रात्री शेकडो शिपायांच्या पहाऱ्यात पौलास कैसरियास रवाना केले. हात धरणे, एकांतात ऐकणे, सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणे आणि विलंब न लावणे, या चार गोष्टी त्या परधर्मी शिपाईगड्यास कळल्या. त्या आम्हां धर्मगुरूंस, प्राचार्यांस आणि आईबापांस कळू नयेत काय?

तिसरे कारण घरात आहे. फी भरली आहे, कर्ज काढिले आहे, कोणी वाडीचा तुकडा विकला आहे. आता मुलाने काही सांगितले तर शिक्षण सुटेल, मुलीने सांगितले तर तिचे नाव होईल, या धास्तीने मूल गप्प बसते आणि कळले तरी घर गप्प बसविते. पालकांनो, विशेषतः कन्यांच्या पित्यांनो, आमचे म्हणणे कठोर वाटल्यास क्षमा असावी. पण ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य मुलीला छळ करणाऱ्याच्या शब्दांपेक्षा अधिक खोल जखम करिते. लाज करणाऱ्याने बाळगावयाची, सोसणाऱ्याने नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो.

छळाचा प्रसंग घडताच तारीख, वेळ, स्थळ, कोण होते व काय बोलले, हे एका वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे. भ्रमणध्वनीवर आलेले धमकीचे वा घाणेरडे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत. तेच उद्याचे पुरावे होत. इजा झाली असल्यास डॉक्टरांकडून तपासून कागद घ्यावा. मग विश्वासाच्या एका वडीलधाऱ्यास सोबत घेऊन प्राचार्यांकडे लेखी तक्रार करावी, आणि अर्जाच्या नकलेवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते; लेखी दिलेले विसरता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी, पालक किंवा अध्यापक यांपैकी कोणीही अशी तक्रार देऊ शकतो. ती मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी केली पाहिजे. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास संबंधितास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठविली पाहिजे. त्यात हयगय करणारा संस्थाप्रमुख स्वतःच गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो. आयोगाच्या विनियमांनुसार तर, फौजदारी गुन्हा दिसत असल्यास माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांत खबर देणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे.

महाविद्यालयात सांगण्याचा धीर होत नसेल, तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय रॅगिंगविरोधी क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राखावे आणि केवळ खबर दिली म्हणून त्याचे नुकसान होऊ नये, असे विनियमांतच म्हटले आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावे. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आणि अशा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, अशी २०१२ च्या कायद्याची आज्ञा आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील आपली बहुतेक मुले या वयाचीच होत.

मुलीच्या बाबतीत लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल, मग तो सहाध्यायाकडून असो वा अध्यापकाकडून, तर त्यासाठी महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयातून आणि २०१३ च्या कायद्यातून ही व्यवस्था उभी राहिली; महाविद्यालयांसाठी आयोगाने २०१५ चे विनियम केले. समितीची अध्यक्ष स्त्रीच असते. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवावयाची असते. दरम्यान, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अध्यापकाने त्या मुलीच्या उत्तरपत्रिका तपासू नयेत, अशीही तजवीज करिता येते. परीक्षेत नापास करील, या भयाने गप्प बसणाऱ्या मुलींनी हे अवश्य लक्षात ठेवावे. पैसे देऊन तडजोड करण्यास कायद्याची मुभा नाही. गावकीतील कोणी मध्यस्थ तसा निरोप घेऊन आला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

कोणी विचारील की, खोट्या तक्रारीचे काय? न्याय दोन्ही बाजूंस हवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि जाणूनबुजून द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीस शिक्षा आहे. मात्र पुरावा पुरा पडला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात सांगितले आहे. आणि एखाद्या दिवशी तक्रार आपल्याच मुलाविरुद्ध आली, तर प्रतिष्ठित माणसांच्या चिठ्ठ्या घेऊन धावण्याआधी पालकांनी मुलास समोर बसवून खरे विचारावे. सत्य कबूल करावयास शिकविणे, याहून मोठे उपकार बाप मुलावर करू शकत नाही.

आता आधाराविषयी. तक्रार हे औषध खरे. पण जखम भरून येईपर्यंत माणसाचा हातही हवा. छळलेल्या मुलाची झोप उडते, भूक मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही, सुट्टी संपत आली की पोटात दुखू लागते. ही लक्षणे दिसल्यास रागावू नये. जवळ बसावे, आणि उपदेश न करिता ऐकावे. ‘तू सांगितलेस हे फार चांगले केलेस’ एवढे एक वाक्य प्रथम बोलावे, बाकीचे मागाहून. कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल, तर त्यास एकटे सोडू नये. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, विनामूल्य आणि आपल्या भाषेत समुपदेशकाशी बोलता येते. मनाच्या डॉक्टराकडे जाणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे. ताप आल्यावर आपण जपमाळही म्हणतो आणि औषधही घेतो.

येथे धर्मगुरू या नात्याने एक गोष्ट स्पष्ट करितो. पुष्कळ मुले असले दुःख कुमसारात सांगतात. तेथे त्यांस सांत्वन अवश्य मिळेल. परंतु कुमसाराची मोहोर अभंग असल्यामुळे तेथे ऐकलेले आम्ही कोणासही, मरणाच्या भयानेही, सांगू शकत नाही, आणि त्यावरून तुमच्यासाठी कोठे जाऊही शकत नाही. शिवाय तुमच्यावर झालेला अन्याय हे तुमचे पाप नव्हे. त्याची क्षमा तुम्ही मागावयाची नाही. म्हणून ही गोष्ट संस्काराबाहेर, आमच्या घरी येऊन, आईबापांस वा मित्रास सोबत घेऊन सांगा. म्हणजे आम्हांस तुमच्याबरोबर प्राचार्यांच्या दारापर्यंत आणि वेळ पडल्यास पोलिस ठाण्याच्या पायरीपर्यंत येता येईल.

आणि ते महाविद्यालय आपल्याच ख्रिस्ती संस्थेचे असले तर? तर कर्तव्य अधिकच मोठे होते. संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलाचे अश्रू झाकणे, ही देवाची सेवा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली दिलेल्या आणि २०२३ साली कायम केलेल्या आज्ञापत्राने, धर्मसेवकांकडून अल्पवयीन व दुर्बल व्यक्तींवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराची तक्रार सहज करिता यावी अशी व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात ठेवण्यास सांगितले आहे, आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाचे बंधन घालता येणार नाही असे ठरविले आहे. जे जगाच्या संस्थांस आपण सांगतो, ते आपल्या घरासही लागू आहे.

ख्रिस्तजनहो, ६० वर्षांपूर्वी आपल्या वडिलांनी भिंती बांधिल्या. पुढील वर्षांत आपण बांधावयाचे ते मुलांच्या मनातील भरवशाचे घर होय. येत्या जूनपासून वसतिगृहास जाणाऱ्या प्रत्येक मुलास निघताना पैशांची, कपड्यांची व खाऊची जशी विचारपूस करिता, तशीच ही एक शिदोरी बांधून द्या: ‘काहीही घडले तरी प्रथम घरी सांग; आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू.’ आणि वरच्या वर्गात गेलेल्या मुलांनो, दारात गांगरून उभा असलेला नवा विद्यार्थी दिसेल, तेव्हा ग्रेगरींची आठवण ठेवा. तुमच्या एका शब्दाने त्याची ती पहिली रात्र निर्भय होईल.

परमेश्वर तुम्हां सर्वांस सत्य बोलण्याचे धैर्य आणि दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची सहनशीलता देवो. आमेन.